शेवटचा तीन

ता. ४ मार्च

ती. दादास नमस्कार.

तुझं पार्सल काल मिळालं. आतून निघालं ते असं: पुस्तक एक, जाड पुठ्ठ्याचं. सत्काराचं निमंत्रण एक, सोनेरी कडेचं. चिठ्ठी एक, ओळी सात. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून दुप्पट दंड भरावा लागला. तेवढ्यात आमचं चार दिवसांचं दूध आलं असतं. पोस्टमन म्हणाला, "बाई, नको असेल तर परत धाडतो, दंड पाठवणाऱ्याच्या माथी." मी भरला. चौतीस वर्षांत तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू आहे, आत काय आहे ते बघावं तरी, म्हणून भरला.

पुस्तक वाचलं. यांनीही चाळलं. यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान अजून चालू आहे, तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. डोळ्याला भिंग तसंच ठेवून म्हणाले, "तुझ्या दादाने एका आकड्यावर दोनशे पानं लिहिली? आकडा तर एका ओळीत मावतो." मी म्हटलं, मावतो, पण दादा मावत नाही.

७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लक्ष एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. तू पुस्तकात लिहिलं आहेस की ही संख्या एक आणि ती स्वतः सोडून कशानेच नि:शेष भागली जात नाही. तिचा उजवीकडचा शेवटचा अंक पुसला तरी उरते ती ७३९३९१३, तीही फुटत नाही. आणखी एक पुसा, तीही नाही. असं पुसत पुसत सातापर्यंत यावं, मध्ये एकही फुटत नाही. आणि उजवीकडे नवा अंक लावायला जावं तर कुठलाच बसत नाही. अशा संख्यांत ही सर्वांत मोठी. हे सगळं खरं आहे. चांगलं लिहिलं आहेस. तुझी भाषा पहिल्यापासून चांगली.

पण पान बारा. तिथे म्हणतोस, "वसतिगृहाच्या खोलीत दीड वर्ष एकट्याने बसून मी १०७० भागाकार केले आणि प्रत्येक बाकी दोनदा तपासली."

दादा, तुझ्या वसतिगृहाच्या खोलीत टेबल तरी होतं का रे? तूच लिहायचास की पाटी मांडीवर घ्यावी लागते.

तुला विसर पडला असेल तर आठवण देते. आई लाँड्रीत इस्त्री करायची. आपण दोघं तिच्या टेबलाखाली बसायचो, कारण तिथे ऊब असे. आपली भांडणं मिटवायला आईने खेळ काढला. ती एक अंक देणार; मग एकाने उजवीकडे एक अंक लावायचा, मग दुसऱ्याने. दर वेळी आकडा न फुटणारा राहिला पाहिजे. ज्याला लावता येणार नाही तो हरला, त्याने कोळशाची बादली उचलायची. त्या दिवशी आई म्हणाली, "घ्या, सात. लहानीने आधी." मी तीन लावला. तू नऊ. मी तीन. तू नऊ. इथपर्यंत, म्हणजे ७३९३९ पर्यंत, टेबलाखाली. मग तू कॉलेजला गेलास आणि खेळ पोस्टकार्डावर चालू राहिला. मी एक लावला. तू तीन. मग मी तीन.

त्यापुढे तुझं कार्ड आलं नाही, कारण त्यापुढे अंकच लागत नाही. एक किंवा सात लावला तर तीनने भाग जातो, तीन किंवा नऊ लावला तर पुढे कुठेतरी फुटतो, बाकीचे अंक लावायला नकोतच. म्हणजे खेळ तू हरलास. बादली तुझी होती. आणि शेवटचा तीन माझा.

पुस्तकात खेळ नाही. टेबल नाही. आई आहे, पहिल्या पानावर: "आईच्या स्मृतीस." ते पान मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. शेवटची परिशिष्टाची पानं अजून उघडलेली नाहीत.

तुझ्या चिठ्ठीत विचारलं आहेस, "माझ्या हिशेबाच्या जुन्या वह्या तुझ्याकडे राहिल्या आहेत, त्या सत्काराच्या दिवशी काचेच्या कपाटात ठेवायच्या आहेत, पाठव." त्या वह्या रद्दीत गेल्या. घरात जागा नव्हती.

तब्येतीस जप.

तुझी बहीण

ता. १९ मार्च

ती. दादास,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी तिकिटं बरोबर होती.

लिहितोस, "बालपणीचा खेळ वेगळा आणि गणित वेगळं. सत्याला मालक नसतो." बरोबर आहे. सत्याला नसतो, पुस्तकाला असतो. पुठ्ठ्यावर नाव आहे ना तुझं, चांगलं बोटभर उंचीचं.

तुझ्यावर मी एका बाबतीत अन्याय करत असेन. कदाचित तुला खरंच वाटत असेल की ते भागाकार तू केलेस. चौतीस वर्षं वर्गातून वर्गात एकच गोष्ट सांगितली की माणसाला स्वतःचंही खरं वाटू लागतं. मी देवापुढे रोज तीच प्रार्थना म्हणते, मला ठाऊक आहे घोकण्यात काय ताकद असते ते.

तर ऐक. वह्या रद्दीत गेल्या हे मी खोटं लिहिलं. शिलाईच्या सामानाखाली पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, तेरा. वाळवी लागू नये म्हणून दर वर्षी ऊन दाखवते. पण त्या काचेच्या कपाटात ठेवायच्या आधी एक विचार कर. त्या वह्या कशाच्या आहेत? लाँड्रीच्या वापरलेल्या पावत्या, पाठकोऱ्या, दाभणाने शिवलेल्या. एका अंगाला "सदरे सहा, चादरी दोन, डाग गेला नाही, गिऱ्हाइकास सांगितले." दुसऱ्या अंगाला माझे भागाकार, माझ्या अक्षरात. मॅट्रिकला माझ्या अक्षराला बाईंनी शेरा दिला होता, तो तुला ठाऊक आहे. लोक काचेतून बघतील आणि विचारतील, सर, वसतिगृहात तुम्ही चादरी धूत होता काय?

मी ते कसं केलं तेही तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. आधी सगळे न फुटणारे भाजक काढले. ७३९३९१३३ चं वर्गमूळ ८५९८ च्या थोडं वर येतं. त्याच्या आतल्या एकाही भाजकाने भाग गेला नाही, तर पुढचे बघायचं कारण नाही. ते भाजक भरले एक हजार सत्तर. दोन, तीन, पाचपासून ८५९७ पर्यंत. रोज दोन. सकाळी लाँड्रीचे कपडे मोजून गठ्ठे बांधायची, दुपारी आईला भाकरी नेऊन द्यायची आणि ती इस्त्री करत असताना टेबलाच्या कोपऱ्यावर दोन भागाकार. आई म्हणायची, "कापडावर शाई सांडलीस तर पगारातून जाईल." एकदाही सांडली नाही.

आणि दर भागाकाराला ताळा. आकड्याच्या अंकांची बेरीज अडतीस, अडतिसाची अकरा, अकराची दोन. मग भाजकाच्या अंकांची अशीच बेरीज, भागाकाराच्या अंकांची बेरीज, त्यांचा गुणाकार, त्यात बाकीच्या अंकांची बेरीज. सगळं शेवटी दोनवर आलं पाहिजे. आलं की ओळीपुढे टिंब. टिंब नाही तोवर जेवण नाही, असा माझा नेम होता. तू तुझा तीन लावलास तेव्हा ७३९३९१३ तपासायला जे ३९७ भागाकार लागले, त्यातले शेवटचे शंभरही मीच केले होते, तुझी परीक्षा होती म्हणून. त्यांनाही टिंबं आहेत.

मलाही पुढे शिकायचं होतं. घरातून एकालाच पाठवता येत होतं. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही, आजही बोलत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस की वीस एप्रिलच्या सत्कारात तुझे विद्यार्थी गंमत म्हणून एक प्रयोग करणार आहेत: परिशिष्टातल्या १०७० बाक्या एकेक करून मंचावर यंत्राने पडताळायच्या, मोठ्या पडद्यावर, सभागृहाने टाळ्या वाजवायच्या. ते वाचल्यावर मी परिशिष्ट उघडलं.

दादा, तो प्रयोग ठेवू नकोस. त्यांना दुसरं काही करायला सांग. गाणी म्हणू देत.

कारण विचारू नकोस. मोठ्या भावाला धाकटीने कधी काही सांगू नये असं नाही.

तुझी बहीण

ता. ३ एप्रिल

ती. दादास,

तू उत्तर लिहिलं नाहीस. वहिनींनी यांच्या दुकानात फोन केला. यांनी मला बोलावून घेतलं. मी पदराला हात पुसत धावत गेले, मला वाटलं तुलाच काही झालं की काय.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एक विचारू? राग मानू नका. त्यांचं एवढं चांगलं होतंय, तुम्हाला बघवत नाही का?"

मी म्हटलं, "वहिनी, मला दुरून दिसतं कुठे."

"मग प्रयोग ठेवू नका असं का लिहिलंत? ते म्हणतात, हिला आकड्यातलं काय कळतं. मॅट्रिक झालेली बाई."

"मॅट्रिकच झाले आहे," मी म्हटलं. "त्यापुढचं शिकलेल्याला विचारा ना, एकदा तरी भागून बघितलंत का म्हणावं."

"म्हणजे काय?"

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एकाचं घड्याळ उघडं पडलेलं. मी "पत्र पाठवते" म्हटलं आणि ठेवला. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड झालाय." हे म्हणाले, "कुणाचं नाक?" त्यांना दोन्हीकडचं माहीत आहे, म्हणून असं विचारतात.

तर आता कारण लिहिते. एका बैठकीत लिहिते, म्हणजे खाडाखोड होणार नाही आणि कागद वाया जाणार नाही.

परिशिष्टातल्या १०४० बाक्या खऱ्या आहेत. शेवटच्या तीस खोट्या आहेत. मी मनाने लिहिल्या.

१०४० वा भाजक ८२९१. त्या दिवशीचा भागाकार मला पाठ आहे. बाकी आली ८२८६. अवघे पाच कमी पडले, नाहीतर आपला आकडा तिथेच फुटला असता. मी श्वास सोडला, टिंब दिलं, आणि आईला सांगायला वर बघितलं तर ती टेबलाला धरून खाली बसत होती. इस्त्री हातातच होती. आधी तिने इस्त्री उभी ठेवली, मग स्वतः पडली. सदरा जळू दिला नाही.

दवाखान्यात नेलं. खाट नंबर ४७. मी तुला त्याच दिवशी लिहिलं की डॉक्टर चार-सहा दिवस म्हणतात. चौथ्या दिवशी तुझं पत्र दवाखान्यात आलं. शेजारीण घेऊन आली होती, बिचारी पळत, तिला वाटलं तू कुठल्या गाडीने येतोस ते असेल. ते पत्रही ट्रंकेत आहे, म्हणून शब्द न शब्द उतरवते: "उरलेल्या तीस बाक्या उलट टपाली पाठव. सर शनिवारी परगावी जाणार, त्याआधी माझ्या व्याख्यानात त्यांना पूर्ण तक्ता दाखवायचा आहे. यावर माझं पुढचं सगळं अवलंबून आहे. आईला माझा नमस्कार सांग."

आईने विचारलं, "काय म्हणतो?"

मी म्हटलं, "येतो म्हणतो."

"कधी?"

"शनिवारी."

ती म्हणाली, "मग शनिवारपर्यंत थांबते." आणि थोड्या वेळाने, "तुमचा तो आकडा फुटला का गं?"

"नाही, आई."

"बरं झालं. सात दिला होता मी."

मग तिला झोप लागली आणि मी बाहेरच्या बाकावर बसून तुझ्या तीस बाक्या लिहिल्या. पाव तास लागला. भागाकार एकही नाही. डोळ्यासमोर येईल तो आकडा लिहीत गेले. ८२९३ पुढे ४११२, तो भिंतीवरच्या विजेच्या मीटरचा नंबर. ८३११ पुढे ४७. पुस्तक काढ आणि बघ, शेवटून दुसरं पान, तिसरी रांग. तो आईच्या खाटेचा नंबर आहे. कुणीतरी चांगल्या कागदावर सुरेख छापला आहे. तुझ्या "आईच्या स्मृतीस"पेक्षा तोच जास्त खरा आहे, तो तरी तिच्या उशाशी होता.

आणि शेवटच्या ८५९७ पुढे १११. तोवर मला कंटाळा आला होता. १११ बघून तरी तुला शंका यायला हवी होती. चौतीस वर्षं तो तुझ्यासमोर आहे. "प्रत्येक बाकी दोनदा तपासली" म्हणतोस. दोनदा जाऊ दे. एकदा?

तू आलास रविवारी संध्याकाळी. आईला पोचवून दोन दिवस झाले होते. दारातच म्हणालास, "व्याख्यान फार चांगलं झालं, सरांनी पाठ थोपटली." मग माझ्याकडे बघून रडलास. खरंच रडलास, ते मी नाकारत नाही. पण क्रम तसा होता. आधी व्याख्यान, मग रडणं. त्या दिवसापासून माझं तुझ्याशी बोलणं संपलं, आणि मी का गप्प झाले ते तुला कळलं नाही, आणि तू विचारलंही नाहीस.

आता माझं पाप. ते झाकून तुझंच मांडलं तर देव मला विचारील. परिशिष्ट उघडलं त्या दिवशी मी ठरवलं होतं की काहीच कळवायचं नाही. वीस तारीख येऊ दे. १०४० टाळ्या पडू देत, आणि मग ८२९३ ला यंत्र थांबू दे. मी देवापुढे बसून माळ हातात घेतली आणि नाव घेण्याऐवजी तुझी फजिती मागितली. एकदा नाही, आठ दिवस. तुला जे दुसरं पत्र गेलं ते नवव्या दिवशी गेलं. तेही निम्म्या मनाने.

प्रयोग थांबव. अजून सतरा दिवस आहेत.

तुझी बहीण

ता. १० एप्रिल

ती. दादास,

काल तुझी तार आली. चार शब्द: "खऱ्या बाक्या तातडीने पाठव."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. चौतीस वर्षांपूर्वीही तू हेच मागितलं होतंस, तेव्हा निदान "आईला नमस्कार" होता.

पण तुझी तार यायच्या आधीच मी बसले होते. तीनला पत्र टाकलं आणि चारपासून सुरू केलं. रोज पाच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुपारचं आवरून. हात कापतो आता, भागाकाराच्या रेघा वाकड्या येतात, पण पाढे गेलेले नाहीत. हे म्हणाले, "माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं गणकयंत्र पडलंय, घे ना, पाच मिनिटांत होईल." मी म्हटलं, यंत्राने करायचं असतं तर दादाच्या विद्यार्थ्यांनी केलंच असतं. मग त्यांनीच बाजूला बसून माझ्यामागून एकेक पडताळला. नवव्या तारखेला यंत्र बंद करून म्हणाले, "तुझे तिसांपैकी तीस बरोबर. तुझ्या दादाचे तिसांपैकी तीस चूक. याला म्हणतात उच्च शिक्षण." मी हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते म्हणाले कांदा आहे का. कांदा नव्हता.

निकाल सांगते. एकानेही भाग जात नाही. ८२९३ ला बाकी ७०३८. ८३११ ला ४४७७. बाकीच्या सोबतच्या कागदावर आहेत. आपला आकडा अखंड आहे. तुझं पुस्तक खरं आहे, फक्त त्यातला माणूस खोटा आहे आणि त्याला मदत करणारी बाई खोटी आहे.

दादा, तुला एक सांगते, जे मी यांनाही सांगितलेलं नाही. प्रत्येक भागाकाराला शेवटची वजाबाकी करताना मी मनात म्हणत होते, शून्य येऊ दे. एकदा तरी शून्य येऊ दे. म्हणजे फुटेल तो आकडा, तुझं पुस्तक आणि माझा तीन, सगळं एकदम, आणि आपण दोघं मोकळे होऊ. तीस वेळा म्हटलं. तीस वेळा देवाने ऐकलं नाही. आकड्याला आपली गरजच नव्हती. मी प्रामाणिक असते तरी तो असाच होता, मी लबाडी केली तरी असाच राहिला. आईच्या उशाशी बसायचं सोडून मी जी पंधरा मिनिटं त्या बाकावर घालवली, ती कशाच्याच उपयोगी पडली नाहीत. सर शनिवारी गेले, आई शुक्रवारी.

आणखी एक. तुझ्या पुस्तकात सगळे उजवीकडून पुसतात. शेवटचा अंक पुसला तरी काही बिघडत नाही, हेच त्या आकड्याचं कौतुक. मला ते नीट समजतं, मी शेवटचाच अंक आहे. पण दोनशे पानांत तू एकदाही डावीकडून पुसून बघितलं नाहीस. काल मी बघितलं. आईचा सात पुसला. उरले ३९३९१३३. पहिल्या पाच मिनिटांत फुटला. अकराने भाग जातो, ३५८१०३ वेळा, बाकी शून्य. ताळाही बघितला, जमतो. हवं तर पुढच्या आवृत्तीत घाल. हे मात्र मी केलेलं नाही असं लिही, कारण हे मी केलं नाही, हे आपोआपच झालं, चौतीस वर्षांपूर्वी, शुक्रवारी.

आता वह्यांचं. वह्या मी कापडात बांधून ठेवल्या आहेत. पाठवायला तयार आहे. माझं नाव पुस्तकात घाल असं मी म्हणत नाही. या वयात नाव घेऊन काय करू, रेशनच्या रांगेत कुणी पुढे घेणार आहे का. पान बारावरचा "एकट्याने" हा एक शब्द काढ. चुकांची पुरवणी छापशीलच, त्यात एक ओळ जास्त जाईल.

आणि दुसरं. सोबतचा कागद मोजून बघ. त्यावर बाक्या तीस नाहीत, एकोणतीस आहेत. शेवटचा ८५९७ मी रिकामा ठेवला आहे. विसरले म्हणून नाही. तो मी केलेला आहे आणि उत्तर माझ्या देवघरात तसबिरीमागे आहे. पण तो तू करायचा. यंत्रावर नाही, विद्यार्थ्यांकडून नाही. कागद घे, पाठकोरा चालेल, आणि आपण टेबलाखाली करायचो तसा पायरी पायरीने मांड. अवघड नाही. भागाकाराच्या शेवटी दोन शून्यं येतात, इतकं सांगून ठेवते. एक हजार सत्तरातला एक तरी तुझ्या हाताचा असू दे, म्हणजे वह्या काचेच्या कपाटात ठेवताना तुझी मान अगदीच खाली जायला नको.

वीस तारखेला दहा दिवस आहेत. टपालाला तीन जायला, तीन यायला. वेळ आहे.

बाकी काय ती मांडणीसकट उलट टपाली कळव. ताळा मी इथे बघेन. दोन आले की टिंब देईन, आणि त्याच दिवशी वह्या पोस्टात टाकीन.

तिकिटं पुरेशी लाव.

तुझी धाकटी बहीण